जांभ्यावरची परसबाग : कोकणात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

परसबागेबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक देशावरचं असतं. काळी माती, सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस आणि कोरडी हवा धरून लिहिलेलं. त्याच्या भरवशावर कोणी देवगड-मालवणात मृगात टोमॅटोची रोपं लावली, तर जुलै संपेपर्यंत आधाराला लावलेल्या काठ्या तेवढ्या उभ्या असतात.

आपल्याकडे किनाऱ्यावर वर्षाला २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्यानंतर मेपर्यंत आभाळ कोरडं. त्यामुळे चार महिने बागेतलं पाणी बाहेर काढायचं आणि आठ महिने ते आत राखायचं, हेच इथलं मुख्य काम. जागा, माती, बियाणं, खत, सगळं त्या हिशेबाने ठरतं. गावचं बंद घर उघडून राहायला आलेले, अलिबाग-मुरुडकडे नवीन घर बांधलेले किंवा रत्नागिरी-चिपळुणात गच्ची मोकळी असलेले, अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे.

पहिलं काम : छत्री घेऊन फेरी

बाग कुठे करायची हे उन्हाळ्यात ठरवू नका. पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठून बाहेर पडतं ते बघा. कौलारू घर असेल तर पागोळ्यांची रेघ जमिनीवर स्पष्ट उमटलेली दिसेल. त्या रेघेवर लावलेलं रोप आठवड्याभरात मुळं उघडी पडून आडवं होतं. तिथून दोन हात तरी लांब राहा.

मग ऊन. फळभाजीला दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन लागतं. हापूसच्या दाट कलमाखाली काही होत नाही, उगाच बियाणं वाया घालवू नका. उंच, जुन्या माडांखाली मात्र ऊन गाळून येतं. तिथे हळद, आलं, सुरण, अबोली, नागवेल, मिरी सगळं सुखाने होतं. आगरात माड-पोफळीखाली हीच झाडं पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत. आणखी एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही : हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. वेलाचा मांडव वाफ्याच्या दक्षिणेला घातलात, तर डिसेंबरात वांगी-मिरची दिवसभर सावलीत. मांडव उत्तरेला घाला.

समुद्र अगदी जवळ असेल तर वाऱ्याचा विचार करा. खारा वारा कोवळी पानं कडेने करपवतो. भेंड, उंडी किंवा निर्गुडीची आडोशाची रांग असली तर फरक पडतो. आणि कुंपण हवंच. भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटतात, त्यांना तुमचा कोबी आणि रस्त्याकडेचं गवत यांतला फरक कळत नाही. चिऱ्यांचा गडगा असेल तर उत्तम. नसेल तर पावसाच्या सुरुवातीला गिरिपुष्पाचे हात-दीड हाताचे सोट ओळीने रोवा. आमच्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. कुंपणही होतं आणि वर्षभर खताला पालाही मिळतो.

सुरुवात छोटी करा. दहा फूट लांब, तीन फूट रुंद असे दोन वाफे, एक मांडव आणि अंगणाच्या कडेने फुलझाडं, एवढं पहिल्या वर्षी पुरे. अर्ध्या गुंठ्यात उत्साहाने केलेली लागवड ऑगस्टमध्ये गवताच्या हवाली होते.

माती : लाल, आंबट आणि भुकेली

कोकणात घराच्या मागे साधारण तीन प्रकारची जमीन सापडते. जांभ्याची तांबडी माती, किनाऱ्यालगतची पुळण म्हणजे वाळूची जमीन, नाहीतर सरळ कातळ, ज्यावर माती आणून टाकावी लागते.

जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. एवढ्या पावसात चुना आणि इतर क्षार वाहून जातात आणि माती आम्ल होते. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतो, घातला तरी झाडाला नीट मिळत नाही. म्हणून दुकानातून खताची पिशवी आणून ओतण्याआधी माती तपासून घ्या. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात नमुना कुठे द्यायचा ते सांगतात. १९७२ साली स्थापन झालेलं दापोलीचं कृषी विद्यापीठ ह्याच मातीवर काम करतं, त्यांच्या शिफारशी देशावरच्या पुस्तकांपेक्षा आपल्याला जास्त लागू पडतात. अहवाल येईपर्यंत चुना घालू नका. चुलीची राख मात्र चालते : खड्ड्याला मूठभर, मातीत नीट मिसळून. तिने आंबटपणा थोडा कमी होतो आणि पालाशही (पोटॅश) मिळतं. राख आणि ताजं शेण एकत्र कालवू नका, त्यातला नत्र (नायट्रोजन) हवेत उडून जातो. अनंताच्या झाडाला तर राख दाखवूही नका, त्याला आंबट मातीच हवी असते. राखेने त्याची पानं पिवळी पडतात.

तिन्ही प्रकारच्या जमिनींवर खरं औषध एकच, कुजलेला पाला. जानेवारीपासून परसात पातेरा, म्हणजे वाळलेला पाला, पडायला लागतो आणि सकाळी सगळं गाव धुरात असतं. तो जाळू नका. आंब्या-फणसाची पानं चिवट, एकटी ठेवली तर वर्षभर तशीच राहतात. त्यांचा हातभर थर, त्यावर गिरिपुष्पाचा ओला पाला, त्यावर शेणकाला, असे थर रचत जा. वरून झाप (विणलेली झावळी) टाका आणि मधूनमधून पाणी शिंपा. जानेवारीत रचलेला ढीग पावसाच्या तोंडाला वापरण्याजोगा होतो.

शेणखत विकत घेताना मुठीत धरून बघा. घाण वास आला, हाताला ऊब लागली तर ते अजून कच्चं आहे. वापरण्याआधी चाळून घ्या, कारण त्यात बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या सापडतात. बऱ्याचदा त्या गेंड्या भुंग्याच्या असतात. हाच भुंगा मोठा झाला की माडाचा कोवळा कोंब पोखरतो आणि उलगडलेली झावळी कात्रीने कापल्यासारखी दिसते. अळ्या कोंबड्यांना घाला. त्यांचा सण होतो.

पावसाळी वाफा जमिनीपासून वीतभर तरी उंच हवा. त्याला गादीवाफा म्हणतात. कडेला चिऱ्याचे तुकडे किंवा माडाचं खोड आडवं लावलं की माती धुपून जात नाही. दोन वाफ्यांमध्ये चर काढा आणि तो उताराकडे मोकळा सोडा. उन्हाळ्याच्या वाफ्याचं उलटं : तो सपाट, कडेने बांध घातलेला, म्हणजे शिपलेलं पाणी तिथेच मुरतं. एकच वाफा वर्षभर तसाच ठेवणारे दोन्ही हंगामांत हात चोळत बसतात.

कोणत्या महिन्यात काय

मे महिन्यात, वळवाचा एखादा पाऊस झाला की कंद आधी लावा. आलं, हळद, सुरण. बोटभर लांब, एक-दोन डोळ्यांचा आल्याचा तुकडा उंच वाफ्यात दोन इंच खोल ठेवा आणि वर पातेऱ्याचं जाड पांघरूण घाला. पाणी साचलं तर कंदकूज लागते, बाकी त्याचं काही मागणं नसतं. आठ-नऊ महिन्यांनी, पाला पिवळा पडून वाळला की काढायचं. हळद कंदासाठी नाही लावलीत तरी पानांसाठी लावा. श्रावणात पातोळ्या करायच्या तर पान परसातलं हवं, बाजारात ऐन वेळी मिळेलच असं नाही.

वेलभाज्यांचं बी रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेपासून मृग लागेपर्यंत टाकायचं. पडवळ, दोडका (आमच्यात शिराळी), कारली, काकडी, दुधी, भोपळा. घाई एवढ्यासाठी, की आर्द्रातला धोधो पाऊस सुरू होण्याआधी वेलाने चार-सहा पानांवर येऊन आधार धरलेला असावा. भेंडीही ह्याच सुमाराला. तिच्यावर केवडा रोग येतो, शिरा पिवळ्या पडून पान जाळीदार दिसतं. त्यामुळे अर्का अनामिकासारखी, हा रोग सहन करण्यासाठी काढलेली जात घ्या. चिबूड लावायचा असेल तर त्याला जागा सोडा, तो लांबवर पसरतो.

जुलै-ऑगस्टात नवीन काही पेरू नका. कोथिंबीर, पालक, टोमॅटो, कोबी ह्या महिन्यांत जमिनीवर करायचा अट्टहास सोडा. त्या दिवसांत अळू असतं, टाकळा-कुर्डू-फोडशी रानात उगवलेली असते, शेवग्याचा पाला असतो. खायचं कमी पडत नाही. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर मात्र रोपं जुलैच्या शेवटाला, उंच जागी तयार करावी लागतात.

सप्टेंबरात वांगी-मिरचीची रोपं टाका. वाफा पावसापासून झाकलेला हवा. चार-पाच आठवड्यांनी, हस्ताचा पाऊस सरला की वाफ्यात लावा : वांगी दोन-दोन फुटांवर, मिरची दीड फुटावर. टोमॅटोही आत्ताच. ऑक्टोबर ते डिसेंबर हा नवख्यांसाठी सगळ्यात चांगला काळ. मी तर म्हणेन पहिल्यांदा बाग करणाऱ्याने पावसाळ्यात फक्त मांडव आणि कंद करावेत आणि खरी सुरुवात दसऱ्याला करावी. लाल माठ पेरला की महिन्याच्या आत ताटात. मुळा दीड महिन्यात. नवलकोल, कोथिंबीर, मेथी, पालक सगळं ह्या थंडीत होतं. भात कापलेल्या मळ्यात अंगओलाव्यावर वाल आणि चवळी टाकतात, तसाच वाल कुंपणालगत टाकता येतो. रायगडकडे असाल तर पांढरा कांदा करून बघा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि त्याची माळ स्वतःच्या पडवीत टांगलेली बघणं हे वेगळंच सुख आहे.

जानेवारीनंतर विहिरीचं पाणी बघून वायंगणी, म्हणजे पाणी शिपून करायची उन्हाळी भाजी ठरवा. चवळी, भेंडी, काकडी, लाल माठ, दुधी. पाणी मार्चलाच तळ गाठत असेल तर नवीन पेरू नका, असलेली झाडं जगवा.

जातींबद्दल एक : विद्यापीठाने काढलेल्या कोकण तारा (कारली), कोकण भूषण (वाल), कोकण कीर्ती (मिरची) ह्या जाती आपल्या हवेला धरून आहेत. मिळाल्या तर घ्याच. आणि गावातल्या एखाद्या काकीकडे पडवळाचं घरचं बी असेल तर ते त्याहून आधी मागा.

पेरणी आणि मांडव

कारली, पडवळ, दोडका यांच्या बियांचं कवच जाड. रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मोड डोकावला की लावा. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात निम्मी माती, निम्मं कुजलेलं खत, थोडी राख. एका खड्ड्यात तीन बिया, इंचभर खोल. उगवल्यावर दोन ठेवून तिसरं उपटा. ह्याला मन धजत नाही, पण करा. माठाचं बी अगदी बारीक, ते मूठभर रेतीत मिसळून फोका, नाहीतर एकाच जागी गर्दी होते. धणे हलके रगडून दोन फाकी करा आणि मग पेरा.

मांडव मे महिन्यातच उभा करून ठेवा. पावसात चिखलात खांब रोवण्यासारखं वैतागाचं काम नाही. चार खांब, वर बांबूच्या काठ्या उभ्या-आडव्या, सुंभाने बांधलेल्या. उंची एवढीच की हात वर केला की काठी हाताला लागावी. उंच केलात तर कारली वरच पिकतात आणि पक्ष्यांच्या वाट्याला जातात. वेल जमिनीपासून मांडवापर्यंत एका काठीवरून न्या आणि तोपर्यंत बाजूचे फुटवे काढत राहा. पडवळ धरायला लागली की काही सापासारखी वेटोळी घालतात. अशा कोवळ्या पडवळाच्या टोकाला सुतळीने सुपारीएवढा दगड बांधायचा. दोन दिवसांत ती ओळंब्यात आल्यागत सरळ खाली उतरते. दगड जड झाला तर देठ तुटतो, म्हणून सुपारीएवढाच.

आता फुलांविषयी, कारण नवे लोक हमखास ह्याच ठिकाणी घाबरतात. वेलाला पहिली येणारी फुलं बहुतेक नर असतात. ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासून दिसतं, ते ओळखायला शिका. सततच्या पावसात मधमाश्या फिरकत नाहीत. मग छोटी फळं पिवळी पडून गळतात आणि लोक खत वाढवतात. खताने काही होत नाही. नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्यातला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवायचा. वेळ महत्त्वाची : भोपळा आणि कारल्याची फुलं पहाटे-सकाळी उमलतात, दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी, पडवळाची दिवेलागणीनंतर. पडवळीचं पांढरं, झालरीचं फूल बॅटरीच्या उजेडात एकदा बघाच. त्यासाठी तरी वेल लावावी.

पाणी शिपणं

ऑक्टोबर उलटला की शिपण सुरू. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, मुळाशी, पानांवर नको. भाजीच्या वाफ्याला थंडीत एक दिवसाआड चालतं, मार्चनंतर रोज. ओल राखायला माडाची सोडणं, म्हणजे नारळाची सोललेली सालं, हाताशी असतातच. ती उपडी, म्हणजे काथ्याची बाजू खाली करून, झाडाच्या आळ्यात मांडा. पावसाआधी काढून ठेवा, नाहीतर उलटलेल्यांच्या वाट्यांत डास पैदा होतात आणि खाली गोगलगाई घर करतात.

किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. चव घेतली की कळतं. मचूळ पाण्यावर माड तग धरतो, पालकही बऱ्यापैकी सोसतो. घेवडा सगळ्यात आधी मान टाकतो आणि मिरचीही फार दिवस काढत नाही. तसं पाणी वापरावंच लागलं तर थोडं-थोडं रोज न घालता एकदम भरपूर घाला, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरतं. पहिल्या पावसानंतर ते आपोआप धुऊन जातं.

न्हाणीचं पाणी केळी, अळू आणि माडाकडे सोडायची पद्धत चांगलीच आहे. मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला आणि मिरचीला मानवतं. घातल्यावर वर माती ओढा, नाहीतर मांजर रोप उकरतं. सुकी मासळी धुतलेलं पाणी मात्र कुठेच नको, ते निव्वळ मीठ.

गच्चीत किंवा बाल्कनीत करणाऱ्यांसाठी एवढंच : कुंडीला तळाशी असतात त्याहून जास्त भोकं पाडा, पावसाळ्यात खालच्या ताटल्या काढून टाका, आणि समुद्राकडे तोंड असेल तर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पानं गोड्या पाण्याने धुवा.

फुलं

भाजी पोटासाठी, हे खरं. पण कोकणात बाग फुलांपासूनच सुरू होते, कारण देवाला रोज चार फुलं लागतात. जास्वंद, तगर, गोकर्ण ही तीन झाडं लावली की रोजच्या पूजेची सोय झाली. जास्वंदीची फांदी जूनमध्ये रोवली की लागते.

अबोलीला अर्धवट सावली आणि निचरा एवढंच पाहिजे. तिची वाळलेली बोंडं ओंजळभर पाण्यात टाकून बघा : क्षणभर काही होत नाही, मग टचकन फुटून बिया उडतात. घरात मुलं असतील तर बी गोळा करायचं काम त्यांच्यावर सोपवा. पहिल्या पावसात झाडाखाली हेच होतं, म्हणून एका अबोलीच्या पुढच्या वर्षी दहा होतात.

मोगऱ्याची नवख्यांची तक्रार ठरलेली, पाला भरपूर आणि कळी नाही. नोव्हेंबरअखेर पाणी तोडा, डिसेंबरात तो उपाशी ठेवा, मग छाटणी करा आणि जानेवारीत कुजलेलं खत घालून पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या. वर्षभर लाडाने पाणी घातलेला मोगरा नुसता वाढतो.

तेरड्याचं बी मे अखेरीस टाका, भाद्रपदात गौरीपर्यंत फुलतो. सोनटक्का न्हाणीच्या पाण्यावर पावसात फुलतो आणि अर्ध्या अंगणाला वास देतो. सोनचाफ्याचं कलम घ्या, रोपाला फुलं यायला फार वर्षं थांबावं लागतं. सुरंगीचा मोह सगळ्यांनाच होतो. वेंगुर्ल्याजवळच्या आसोलीत त्या गजऱ्यांवर घरं चालतात, पण ते मोठं होणारं झाड आहे, चार गुंठ्यांच्या वाडीत त्याला जागा नाही. कळलावी कुंपणावर आपोआप आली तर राहू द्या, पण तिचे कंद जहाल विषारी असतात. आलं-हळदीच्या वाफ्याजवळ ती नको.

चहाला, कढीला, खोकल्याला

हा भाग सगळ्यात सोपा. गवती चहाचा एक ठोंब उतारावर लावा, माती धरून ठेवतो. पानओवा काडीने लागतो, त्याची भजी होतात आणि पोरांच्या सर्दीलाही उपयोगी पडतो. पुदिना आणि ब्राह्मी ओलसर, अर्ध्या सावलीत. तुळस वृंदावनात असतेच, पण ती पावसाळ्यात मुळं कुजून जाते, म्हणून मंजिऱ्यांचं बी ठेवून द्या. कढीपत्त्याच्या मोठ्या झाडाच्या मुळांना फुटवे येतात, ते जूनमध्ये खणून लावले की झालं.

मिरीचा वेल माडावर किंवा पोफळीवर चढवा. जमिनीवरून सरपटणारे धावते फुटवे रोपांसाठी घेतात. जूनमध्ये झाडाच्या उत्तरेला, बुंध्यापासून हातभर अंतरावर लावा. केरळात काढलेली पन्नियूर-१ ही जात आपल्याकडे बऱ्याच वाड्यांत आहे. तिरफळाचं झाड हवंच असेल, आणि बांगड्याच्या तिखल्याला ते हवंच, तर वाटेपासून दूर लावा. त्याच्या खोडावरचे काटे शर्ट फाडतात.

त्रास देणारी मंडळी

माकडांवर रामबाण उपाय नाही. फटाके, आरसे, बुजगावणी, सगळं चार दिवस चालतं. शहाणपणाची वाट म्हणजे उघड्यावर ते सहसा हात लावत नाहीत ते लावायचं : सुरण, आलं, हळद, अळू, मिरची. काकडी, भेंडी आणि वाल घराजवळ किंवा जाळीत. सुरण आणि कणगर ह्या कंदांवर साळिंदर येतं, तिथे गडग्याची भोकं बुजवा.

गोगलगाई, त्यातही मोठ्या शंखाच्या, जुलैत एका रात्रीत रोपं साफ करतात. राखेचं किंवा चुन्याचं कडं घाला असं सांगतात, पण कोकणातल्या पावसात ते तासाभरात वाहून जातं. रात्री जेवल्यावर बॅटरी आणि बादली घेऊन निघा, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्या गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. संध्याकाळी ओला गोणपाट वाफ्याशेजारी पसरून ठेवला तर सकाळी त्याखाली आयत्या सापडतात.

फळमाशी कारल्या-काकडीत अंडी घालते, फळ वाकडं होऊन आतून सडतं. कामगंध सापळा, म्हणजे वासाने नर माश्या ओढून घेणारा सापळा लावा, पण आमिष विचारून घ्या. आंब्याच्या फळमाशीला मिथाईल युजेनॉल लागतं, वेलभाज्यांच्या फळमाशीला क्यू-ल्यूर. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवाला टांगून लोक वाट बघत बसतात. किडकी फळं जमिनीवर पडू देऊ नका, खोल पुरा किंवा पाण्यात बुडवा.

वांगी, टोमॅटो, मिरची दुपारी अचानक माना टाकतात, पानं हिरवीच असतात आणि पाणी घालूनही उठत नाहीत. ही मर. खात्री करायची तर बुंध्याजवळ खोड कापून त्याचा तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरा. थोड्या वेळात दुधासारखी पांढरी धार खाली उतरली तर हा जिवाणूंचा मर रोग आहे. औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळा आणि त्या वाफ्यात दोन-तीन वर्षं ह्या तिघांपैकी काही लावू नका. तिथे माठ, चवळी, भेंडी करा. रानवांग्याच्या मुळावर बांधलेली वांग्याची कलमं मिळतात, ती ह्या रोगाला पुरून उरतात.

मावा, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी.

आणि तुमची स्वतःची काळजी. पावसात चिखलात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टोस्पायरोसिस कोकणात दर पावसाळ्यात माणसं आजारी पाडतो. गमबूट शंभर वेळा परवडतात. पातेऱ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने ढवळा, तिथे फुरसं हा विषारी साप असू शकतो.

बी ठेवणं, आणि गावी कायम राहत नसाल तर

वेलावरचं दुसरं-तिसरं चांगलं फळ बियांसाठी राखा, त्याला सुतळी बांधून खूण करा म्हणजे कोणी तोडणार नाही. दोडका, दुधी वेलावरच वाळू द्या. बी सावलीत वाळवा, कोरड्या राखेत घोळवून काचेच्या बाटलीत भरा, बाटलीवर नाव आणि वर्ष लिहा. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडं ठेवलेलं बी ऑक्टोबरपर्यंत बुरशीने जातं. पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी तेच फळ मिळत नाही.

मुंबईला राहून गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातच गावी येणं होत असेल, तर रोज पाणी लागणाऱ्या भाजीच्या नादी लागू नका. मे महिन्यात येताना सुरण, हळद, आलं, करांदे असे कंद जमिनीत घाला, परतायच्या आधी वर पातेऱ्याचा जाड थर टाका. गणपतीत येऊन एकदा बेणणी (खुरपणी) करा आणि मातीची भर द्या. पाला डिसेंबरात वाळतो. तेव्हा येता आलं नाही तरी कोरड्या जमिनीत कंद शिमग्यापर्यंत चांगले राहतात. मात्र ते कुठे लावलेत तिथे काठ्या रोवून ठेवा, कारण वरचा पाला गेला की जागा सापडत नाही.